धरणातल्या पाण्याचं क्षेत्रफळ दरवेळी वेगळं येतंय? थ्रेशोल्डला हात लावायच्या आधी हे तपासा

१५ ऑक्टोबर जवळ आला की फोन सुरू होतात, आणि मार्चमध्ये उन्हाळी आवर्तनाची चर्चा निघाली की परत तेच. प्रश्न एकच असतो, सॅटेलाइटवरून पाण्याचं क्षेत्रफळ काढलं पण आकडा जुळत नाही. कुणाचं क्षेत्रफळ पाणी सोडल्यावर वाढलेलं दिसतं, कुणाचं धरण भरलेलं असताना कमी येतं, कुणाच्या नकाशात धरणाच्या मधोमध भोकं पडलेली असतात. आणि जवळपास प्रत्येकाने तोवर एक गोष्ट करून झालेली असते, ती म्हणजे एनडीडब्ल्यूआयचा (हिरव्या आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशाच्या बँडवरून पाणी ओळखायचा आकडा) थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर पिक्सेल पाणी धरायचा ती रेघ, थोडी वर, थोडी खाली करत करत आकडा पाहिजे तिथे आणून ठेवलेला असतो. कृपा करून हे करू नका. आज आकडा जुळेल, पुढच्या तारखेला परत बिघडेल, आणि मग कुठला खरा हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

हे इतकं कळकळीने लिहितोय कारण एकदा याचा त्रास लोकांना झालेला मी बघितलाय. एका मध्यम प्रकल्पाच्या बैठकीत दोन नकाशे समोर होते, एक माझा आणि एक दुसऱ्या बाजूचा, दोन्ही सेंटिनल-२ उपग्रहाच्या एकाच तारखेच्या इमेजवरून केलेले, आणि माझा आकडा साधारण दहा टक्क्यांनी जास्त. दोन तास वाद झाला, पाणीपाळी किती द्यायची हे ठरलंच नाही आणि टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी तसेच घरी गेले. ज्यांच्यापर्यंत एरवीही पाणी शेवटी पोचतं तेच. घरी येऊन तपासलं तर इमेज तीच, थ्रेशोल्ड तोच. चूक माझ्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर बसवायच्या पद्धतीत होती. त्या दिवसापासून मी तपासायचा एक क्रम ठरवून घेतलाय, तोच इथे लिहितो.

आधी एक साधा हिशोब करून बघा. तुमच्या धरणाच्या पाण्याच्या काठाची लांबी समजा २०० किलोमीटर आहे आणि थ्रेशोल्ड हलवल्यामुळे कड सगळीकडे अर्ध्या पिक्सेलने (पिक्सेल म्हणजे इमेजचा एक चौकोनी ठिपका, इथे १० मीटरचा) म्हणजे ५ मीटरने सरकली, तर फरक पडतो १ चौरस किलोमीटरचा. बस्स. पसारा १०० चौरस किलोमीटर असेल तर एक टक्का. म्हणजे तुमचा फरक आठ-दहा टक्क्यांचा असेल तर तो सहसा कडेचा नाही, दुसरंच काहीतरी आहे आणि थ्रेशोल्ड हलवून तुम्ही ते झाकताय. सपाट चिखलाच्या काठावर कड जास्त सरकते हे खरं, त्याचं पुढे सांगतो.

हा फरक महत्त्वाचा का, तर १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. उजनी किंवा जायकवाडीसारखं धरण भरत आलं की पाणपसारा अडीचशे-तीनशे चौरस किलोमीटरच्या घरात असतो, तिथे पातळीत १० सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की जवळजवळ १ टीएमसी इकडचा तिकडे होतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी. १५ ऑक्टोबरला तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडायचं याचा हिशोब सुरू होतो (२००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि नंतरचा गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल, तिथून हे आलंय). तिथे खालच्या-वरच्या दोन्ही बाजूंचे लोक आता स्वतः इमेज बघायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे, पण मग आकडा चोख पाहिजे.

तर पहिलं काम, इमेज उघडायच्या आधीच, एक आलेख काढा. एका बाजूला धरणाची रोजची पाणीपातळी, दुसऱ्या बाजूला तुम्ही काढलेलं क्षेत्रफळ, दोन-तीन वर्षांतल्या ढग नसलेल्या पंचवीस-तीस तारखा टाका. ठिपके एका वाकड्या रेषेवर बसायला पाहिजेत. काही ठिपके रेषेपासून लांब पडतील, त्यांची तारीख बघा, आणि बहुतेक वेळा तारीखच सांगते काय बिघडलंय. सगळेच ठिपके एकसारखे वर असतील तर प्रोजेक्शन. एका तारखेनंतर सगळे खाली गेलेत तर डेटा. ठरावीक महिन्यांत बिघडत असेल तर जमिनीवर काहीतरी आहे, जलपर्णी किंवा सावली किंवा ओली माती.

पातळी मात्र त्याच दिवसाची घ्या. सेंटिनल-२ आपल्याकडून सकाळी ११ च्या आसपास जातो, धरणावरचं रीडिंग सकाळी लवकर घेतलेलं असतं. उन्हाळ्यात एवढ्याने फरक पडत नाही पण ऑगस्टमध्ये आवक चालू असताना दोन दिवस मागेपुढे झाले तरी ठिपका रेषेवरून उडतो. महिन्यातल्या सगळ्या इमेजचा मीडियन (मधला आकडा) काढून एकच नकाशा करायची सवय असेल तर ती एप्रिल-मेमध्ये सोडा. पाणी रोज मागे सरतंय, तुम्ही सहा काठांची सरमिसळ करून एक काठ काढताय, तो काठ कुठल्याच दिवशी तिथे नव्हता.

आता प्रोजेक्शन, माझी स्वतःची चूक. ब्राउझरमधले नकाशे ज्या वेब मर्केटरमध्ये असतात (ईपीएसजी ३८५७) त्यात विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसं क्षेत्रफळ फुगत जातं. १८ अंश अक्षांशावर, म्हणजे उजनीच्या आसपास, सुमारे साडेदहा टक्क्यांनी, आणि २० अंशावर तेरा टक्क्यांच्या आसपास. गूगलच्या अर्थ इंजिनमधून ४३२६ मध्ये (अक्षांश-रेखांशाच्या अंशांत मोजणारी पद्धत) १० मीटर स्केलने एक्स्पोर्ट करून पिक्सेल मोजले आणि गुणिले १०० केलं तरी सुमारे पाच टक्के जास्त येतं, कारण तो पिक्सेल पूर्व-पश्चिम १० मीटर नसतो, साडेनऊ मीटर असतो. म्हणून पिक्सेल मोजायचे नाहीत, पिक्सेल-एरियाची, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या खऱ्या क्षेत्रफळाची बेरीज करायची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर लेयर आधी यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारं, झोनवार प्रोजेक्शन) आणा. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ म्हणजे ३२६४३, पूर्वेला झोन ४४ म्हणजे ३२६४४. ही रेषा अमरावती आणि वर्ध्याच्या मधून जाते, त्यामुळे तोतलाडोह, गोसीखुर्द ४४ मध्ये, आणि उजनी, जायकवाडी, कोयना ४३ मध्ये. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये अजून एक गंमत नाही, खरा धोका आहे तो लक्षात ठेवा, डॉलरवालं एरिया ($area) प्रोजेक्टमधल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवर मोजतं आणि कंसात जॉमेट्री लिहून केलेलं एरिया लेयरच्या प्रोजेक्शनमध्ये सपाट मोजतं. एकाच पॉलिगॉनचे दोन आकडे येतात आणि दोन माणसं दोन वेगवेगळे घेऊन बैठकीला जातात.

यानंतर डेटा. तुमचा आलेख जानेवारी २०२२ नंतर अचानक खाली गेलाय का? मग हे तेच आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनल-२ च्या प्रोसेसिंगमध्ये बदल झाला आणि प्रत्येक बँडच्या आकड्यात १००० मिळवलेले यायला लागले. ते वजा केले नाहीत तर काय होतं बघा. पाण्यावर हिरवा बँड ६०० आणि निअर इन्फ्रारेड २०० असेल तर एनडीडब्ल्यूआय येतो ४०० भागिले ८००, म्हणजे ०.५. तोच १००० मिळवून आला तर १६०० आणि १२००, वजाबाकी तीच ४०० पण भागायचं २८०० ने, आला ०.१४. तुमचा थ्रेशोल्ड ०.२ असेल तर स्वच्छ खोल पाणी पण जमीन झालं. थ्रेशोल्ड बरोबर शून्य असणाऱ्यांना हे कधी कळतच नाही कारण चिन्ह बदलत नाही, त्यांचा नकाशा ठीक असतो, आणि म्हणून "माझ्याकडे तर बरोबर येतंय" असं एकजण म्हणतो आणि दुसरा रात्रभर जागतो. अर्थ इंजिनमध्ये हार्मोनाइज्ड नावाचं कलेक्शन आहे, तेच वापरा, जुन्या स्क्रिप्टमध्ये जुनं नाव राहिलेलं असतं ते शोधून बदला. लँडसॅट कलेक्शन-२ वापरणाऱ्यांनीही बघा, तिथे ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचं असतं. ते विसरलं की आजार हाच.

मधोमध भोकं पडत असतील तर क्लाउड मास्क, म्हणजे ढगाळ पिक्सेल काढून टाकणारी चाळणी. सेंटिनलबरोबर प्रत्येक पिक्सेल कशाचा आहे ते नंबराने सांगणारा जो एससीएल लेयर येतो त्यात ३ नंबर म्हणजे ढगांची सावली, आणि खोल काळं पाणी पुष्कळदा त्याच्यातच टाकलेलं असतं. स्क्रिप्टमध्ये ३ नंबर सरसकट काढून टाकलेला असतो म्हणून धरणाचा पोटातला भागच उडतो. आकाशात ढग नाहीत आणि तरी सावली दाखवतोय म्हणजे ती सावली नव्हे. पाण्याच्या हद्दीत ३ आणि २ ठेवा, ढगांचे ८, ९, १० काढा आणि एकदा डोळ्याने बघा.

आता खरी मेहनत जिथे आहे तिथे येतो, जलपर्णी. उजनीचा फुगवटा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, ते खत मिळाल्यावर जलपर्णी कशी वाढते ते पुलावरून जाताना दिसतंच. सॅटेलाइटला ती हिरवं पीक दिसते, निअर इन्फ्रारेडमध्ये चमकते, एनडीडब्ल्यूआय सरळ उणे जातो. खाली तीन-चार मीटर पाणी असतं आणि नकाशात जमीन. थ्रेशोल्ड कितीही खाली आणा, ती पाण्यात येणार नाही, उलट काठची ओली शेतं येतील.

भानगड अशी की त्याच वेळी त्याच धरणात, मागे सरलेल्या पाण्याच्या जागी गाळपेरीची पिकं पण उभी असतात. तीही हिरवी, तीही बुडीत क्षेत्रातच. एक पाणी म्हणून मोजायचं आहे, दुसरं नाही. मी हे असं वेगळं करतो, पाच-पाच दिवसांच्या तीन इमेज एकापुढे एक ठेवतो. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, आज या खाडीत तर पाच दिवसांनी समोरच्या काठाला, तिच्या कडा गोल, तुटक, लांब शेपट्या सुटलेल्या. पीक हलत नाही, त्याच्या कडा सरळ असतात, बांध दिसतो. जी हिरवळ तीन इमेजमध्ये जागा बदलते ती जलपर्णी, तिच्याखाली पाणी धरायचं. आणि जी खाडीच्या टोकाला अडकून हलतच नाही तिच्यासाठी पातळीवरून ठरवायचं, मागे हीच पातळी असताना त्या जागी उघडं पाणी दिसलं होतं का? दिसलं होतं तर आजही पाणीच आहे. हे हाताने करावं लागतं, धरणाला एक संध्याकाळ जाते. ऑटोमॅटिक करायच्या नादात मी पूर्वी बराच वेळ घालवला, हाताने केलेलं जास्त भरवशाचं निघालं.

रडार वापरा म्हणजे सुटेल असं काहीजण सांगतात. सेंटिनल-१ पावसाळ्यात ढगांमधून बघतो म्हणून फार कामाचा आहे, ऑगस्टमध्ये दुसरा पर्याय पण नाही. पण जलपर्णीचा थर रडारलाही खडबडीत जमीनच वाटतो, आणि वारा सुटून लाटा उठल्या की उघडं पाणीसुद्धा उजळ दिसतं. पावसाळ्यासाठी रडार घ्या, जलपर्णीसाठी नको.

मार्चमध्ये एकदा पळसदेवच्या बाजूला काठावर गेलो होतो. पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ हळूहळू उघडं पडायला लागतं, आसपासच्या माणसांना देवळाच्या कुठल्या भागाला पाणी लागलंय त्यावरून धरणात किती आहे याचा अंदाज सांगता येतो. काठावर पाण्याच्या मोटारी पुढे सरकवलेल्या, त्यांच्यापासून पाण्यापर्यंत खणलेल्या चाऱ्या, आणि पाणी आणि सुकी जमीन यांच्यामध्ये पन्नास-साठ पावलांचा काळा चिखल, वरून ओला चकाकणारा, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. माझ्या नकाशात तो सगळा पट्टा पाणी होता. मोटारीजवळच्या शेतकऱ्याने विचारलं, "हे तुमच्या मोबाइलात पाणी दाखवतंय, मग मी चारी कशाला खणली दादा?" त्याच्या या प्रश्नाने मला जे शिकवलं ते कुठल्या ट्युटोरियलने नाही. ओल्या काळ्या मातीचा एनडीडब्ल्यूआय शून्याच्या जवळ असतो, थ्रेशोल्ड उणे केला की ती पहिली आत येते. अवकाळी पाऊस झाल्यावरच्या दोन-तीन दिवसांतली इमेज म्हणून मी घेतच नाही. आणि सपाट काठाच्या जागी वर्षातून एकदा तरी जाऊन पाण्याच्या कडेने चालून मोबाइलवर ट्रॅक घेतो, सॅटेलाइट यायच्या दिवशी, अकराच्या सुमारास. मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर चुकलं तरी चालतं, पिक्सेलच १० मीटरचा आहे.

निअर इन्फ्रारेडच्या जागी स्विर म्हणजे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड घेऊन एमएनडीडब्ल्यूआय काढला तर गावं, पत्रे, रस्ते पाण्यात यायचे कमी होतात, शहराजवळच्या तलावांना तोच बरा. पण त्याचा बँड २० मीटरचा, आणि ओल्या मातीला तोही फसतो.

कोयना, भंडारदरा, मुळशी अशा सह्याद्रीतल्या धरणांना चिखलाचा त्रास कमी, सावलीचा जास्त. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो, सकाळी अकराला डोंगराच्या वायव्येकडच्या उतारावर काळी सावली पडलेली असते आणि ती पाणी म्हणून मोजली जाते. उपाय सोपा, उतार बघा. पाणी सपाट असतं, ज्या पिक्सेलचा उतार आठ-दहा अंश आहे तिथे दिसणारं पाणी सहसा सावलीच असते. डीईएम (जमिनीच्या उंचीचा नकाशा) एसआरटीएमचा चालेल. पण इथे एक सावधगिरी, हा एसआरटीएम फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेला आहे, त्या दिवशी धरणात जेवढं पाणी होतं तेवढा भाग त्यात सपाट पाट्यासारखा आहे. त्या पाण्याखालची जमीन त्यात नाही. तरी लोक त्याच्यावरून धरणाच्या तळाचे कंटूर काढतात आणि साठा मोजतात, ते मुळातच चूक आहे.

ऑटोमॅटिक थ्रेशोल्ड म्हणजे ओत्सू वापरणाऱ्यांसाठी. तुम्ही धरणाच्या पूर्ण बुडीत क्षेत्राचा पॉलिगॉन देऊन ओत्सू चालवता, ऑक्टोबरमध्ये छान चालतो कारण पाणी भरपूर आणि जमीन पण थोडीफार आहे. मे महिन्यात त्याच पॉलिगॉनमध्ये पाणी उरतं थोडंसं, बाकी सगळी माती आणि गाळपेर, मग ओत्सू पाणी आणि माती वेगळी करायच्या ऐवजी माती आणि पीक वेगळं करतो. टंचाईत, जेव्हा आकडा सगळ्यात जास्त लागतो, तेव्हाच तो बिघडतो. त्यावेळी पूर्ण पॉलिगॉन देऊ नका, मागच्या तारखेच्या पाण्याभोवती तीनशे-चारशे मीटरचा पट्टा घेऊन तेवढ्यात चालवा.

शेततळ्यांचं एक दोन ओळींत. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे जेमतेम ९ पिक्सेल, त्यातले कडेचे सगळे मिश्र, आणि रिकाम्या तळ्याचा निळा-काळा कागदही कधीकधी पाणी म्हणून पकडला जातो. सेंटिनलवरून शेततळी मोजून गावाचं पाण्याचं अंदाजपत्रक करू नका, तळी मोजायला गावातलाच कुणीतरी घ्या.

राहिला साठा. क्षेत्रफळ बरोबर आलं तरी टीएमसी चुकतो अशी तक्रार असते, कारण बांधकामाच्या वेळचा क्षेत्रफळ-साठा तक्ता वापरलेला असतो आणि मधल्या काळात गाळ भरलाय. दोन पातळ्यांमधला साठा तुम्ही स्वतः काढू शकता, खालचं क्षेत्रफळ अधिक वरचं क्षेत्रफळ अधिक दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, या बेरजेला पातळीतल्या फरकाने गुणून तीनने भागायचं. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि केंद्रीय जल आयोग गाळाचा अभ्यास सॅटेलाइटवरून करतात तोही असाच. मर्यादा एवढीच की त्या वर्षी पाणी जेवढं खाली उतरलं तिथपर्यंतच दिसतं. त्या दृष्टीने उजनी वेगळी आहे, तिथे मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आणि उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास, आणि पाणी मृतसाठ्यात उतरलं की धरण उणे टक्क्यांत जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० च्याही खाली गेलं होतं. लोकांसाठी ते वर्ष फार वाईट गेलं. पण मृतसाठ्याच्या वरच्या भागातला काठ त्यावेळी उघडा दिसला, त्या इमेज डाउनलोड करून ठेवा, नव्या तक्त्याचा खालचा भाग त्यावरूनच करता येईल.

बैठकीला नकाशा नेताना कोपऱ्यात एवढं लिहाच, इमेजची तारीख, त्या दिवशीची पातळी, कुठलं कलेक्शन, कुठला इंडेक्स आणि थ्रेशोल्ड, कुठल्या प्रोजेक्शनमध्ये मोजलं, जलपर्णीखालचं किती क्षेत्र हाताने मिळवलं, आणि काठाची लांबी गुणिले ५ मीटर करून आलेला अधिक-उणे. समोरच्याचा नकाशा वेगळा आला तर आधी हे कोपरे शेजारी ठेवून वाचा. आकड्यांवर बोलायला नंतर सुरुवात करा, तेव्हा टेलच्या लोकांना दोन तास बसवून ठेवावं लागत नाही.